मेश वाय-फाय: मागच्या खोलीचं दुखणं गेलं, पण वायर ओढल्यावर

मागच्या खोलीतून मीटिंगला बसलो की माझा चेहरा गोठायचा आणि आवाज तुटत तुटत पोचायचा, म्हणून हा दोन डब्यांचा मेश संच घेतला (मेश म्हणजे एकमेकांशी बोलून घरभर एकच वाय-फाय पसरवणारे डबे). त्याआधी लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून स्पीड मोजला होता. प्लॅन ३०० एमबीपीएसचा आणि केबलवर २८०च्या आसपास मिळत होते. म्हणजे लाइन ठणठणीत, घोळ वाय-फायचाच. तुमच्याकडे केबलवरही स्पीड रडत असेल तर या संचावर पैसे घालू नका. आकडा ९४-९५वरच अडकत असेल तर आधी केबल बदलून बघा. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसच्या जोडणीला, केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात. एखादी तुटली की जोडणी गुपचूप १००वर उतरते.

बसवायला काहीच त्रास नाही. एक डबा जुन्या राउटरला जोडला, दुसरा मधल्या पॅसेजमध्ये ठेवला, ॲपने सांगितलं ते केलं. मागच्या खोलीत आधी जेमतेम २० यायचे, आता ११० आले. बरं, पण बाकीचे गेले कुठे?

तर हा संच ड्युअल बँडचा आहे, म्हणजे त्यात २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोनच रेडिओ. दुसरा डबा पहिल्याशी आणि माझ्या लॅपटॉपशी एकाच ५ गिगाहर्ट्झच्या रेडिओवर बोलतो, आणि एका वेळी एकाशीच. त्यामुळे वेग निम्म्याच्या आसपास येतो. खोक्यावर याचा उल्लेखही नाही. उलट दोन्ही बँडचे आकडे बेरीज करून मोठ्या अक्षरात छापलेत. एका फोनला तेवढा वेग कधीच मिळायचा नाही.

शेवटी छताच्या कडेने कॅट ६ (नेटवर्कची) वायर ओढून दोन्ही डबे जोडले. वायर लागल्याचं त्यांनी आपसूक ओळखलं आणि मागच्या खोलीत २६०च्या वर आकडा गेला. आता फोनवर बोलत घरभर फिरलो तरी कॉल तुटत नाही. या एका गोष्टीवर मी खूश आहे.

ॲपवर मात्र नाही. त्यातली स्पीड टेस्ट डब्यापासून पुढचा वेग मोजते, तुमच्या फोनपर्यंत किती पोचतो ते नाही. त्या गुलाबी आकड्यांवर जाऊ नका. २.४ आणि ५चं नाव वेगळं ठेवायची सोयही नाही, त्यामुळे फक्त २.४ कळणारा जुना प्रिंटर जोडताना घाम फुटला. आणि संच ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकायला विसरू नका, म्हणजे तो फक्त वाय-फाय पसरवतो आणि राउटरचं काम जुन्याकडेच राहतं. नाहीतर जुना राउटर आणि हा, दोघंही एकाच वेळी राउटरगिरी करतात आणि ऑनलाइन गेम खेळणारी मुलं तुमच्याकडे तक्रार घेऊन येतात.

वायर ओढणं शक्यच नसेल तर हा संच सोडा, ट्राय बँडचा बघा. त्यात डब्यांना आपसात बोलायला वेगळा रेडिओ ठेवता येतो.