बीएमएक्सचा क्रँक: एकसंध ठेवावा की तीन तुकड्यांचा बसवावा?

बीएमएक्स म्हणजे उड्या-कसरतींची छोटी, दणकट सायकल. तिची चेन सारखी उतरते, पायडल मारताना टक्‌टक् आवाज येतो, क्रँक, म्हणजे पायडल ज्यांना जोडलेले असतात ते दोन हात, धरून हलवला तर डोलतो. अशी सायकल समोर आली की बहुतेकांच्या मनात लगेच नवा क्रँक येतो. मी मात्र आधी पट्टी घ्यायला सांगतो. चेनची रेषा, म्हणजे पुढच्या आणि मागच्या दात्यांचे सायकलच्या मध्यापासूनचे अंतर, चुकलेली असेल, तर कितीही दणकट क्रँक बसवा, चेन उतरणारच.

मागून सुरुवात करा. बीएमएक्सच्या मागच्या दोन ड्रॉपआउटमधले, म्हणजे चाकाचा आस ज्यांत बसतो त्या खाचांमधले अंतर सहसा ११० मिमी असते, त्याचे अर्धे ५५. उजव्या ड्रॉपआउटच्या आतल्या बाजूपासून कॉगच्या, म्हणजे मागच्या दातेरी चाकाच्या दाताच्या मध्यापर्यंत १२ मिमी भरले, तर ५५ मधून १२ वजा, मागची रेषा ४३. आता पुढे या. बॉटम ब्रॅकेटची, म्हणजे क्रँक जिच्यातून जातो ती नळी ६८ मिमी रुंद असेल तर अर्धी ३४. नळीच्या कडेपासून स्प्रॉकेटच्या, म्हणजे पुढच्या दातेरी चकतीच्या दाताच्या मध्यापर्यंत ९ भरले की तिथेही ४३, म्हणजे जुळले. एखाद्या मिलिमीटरचा फरक चालून जातो. तीन-चार मिलिमीटर असेल तर चेन दातांच्या कडेला घासते, करकरते आणि दणका बसला की निसटते. मोजण्यापूर्वी मागचे चाक चौकटीत सरळ बसले आहे ना, हे बघायलाच हवे. एकदा मी स्प्रॉकेटमागे वॉशर घालत बसलो होतो आणि चाकच तिरके निघाले. अर्धा दिवस गेला.

मग क्रँक हळूहळू फिरवा आणि स्प्रॉकेट चेनस्टेजवळून, म्हणजे मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या नळीजवळून जाताना नजर ठेवा. ते डावी-उजवीकडे डोलत असेल तर स्प्रॉकेट वाकले आहे किंवा क्रँक. चेन एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी सैल होत असेल, तर स्प्रॉकेट मध्यावर बसलेले नाही. तीन तुकड्यांच्या क्रँकवर याचे एक कारण फार वेळा सापडते. स्प्रॉकेटचे छिद्र सुमारे २४ मिमीचे, दोन हात जोडणारा दांडा १९चा, आणि मधली जागा भरणारी रिंग घालायची राहून गेलेली! ती रिंग घातली की झाले.

चेनही मोजा. एक कडी अर्ध्या इंचाची, म्हणून १२ इंचांत २४ कड्या, म्हणजे ३०४.८ मिमी. तेवढ्याच कड्या ३०८च्या आसपास भरत असतील तर चेन बदला आणि दात आकड्यासारखे वाकले आहेत का तेही पाहा.

एकसंध क्रँक

हा इंग्रजी एससारखा वळवलेला पोलादाचा एकच तुकडा असतो. त्याची नळी रुंद, आत सुमारे ५१ मिमी व्यासाची, आणि बेअरिंग म्हणजे पिंजऱ्यातले उघडे छर्रे. डोलणारा एकसंध क्रँक दहापैकी नऊ वेळा मोडलेला नसतो, फक्त त्याचा कोन, म्हणजे छर्‍यांना दाबून धरणारे शंकूच्या आकाराचे नट, सैल झालेला असतो. डाव्या बाजूचे लॉकनट आणि कोन दोन्हींना उलटे आटे असतात, घड्याळाच्या विरुद्ध फिरवल्यावर घट्ट होतात. डाव्या पायडलचेही तसेच. हे ठाऊक नसल्यामुळे कित्येकजण जोर लावून आटे घालवतात, आणि आटे गेले की साधी दुरुस्ती महागात पडते. सगळे उघडा, छर्रे धुवा, खड्डे पडलेले टाका, भरपूर ग्रीस लावा आणि डोलणे थांबेल पण क्रँक मोकळा फिरेल इतकाच कोन घट्ट करा.

याची उणीव चेनच्या रेषेत आहे. स्प्रॉकेट कोनाच्या नटाने दाबून बसवलेले असते, त्यामुळे त्याला आत-बाहेर सरकवायला फारशी जागा नसते. फरक मोठा असेल तर मागच्या बाजूनेच जुळवणी करावी लागते. आणि क्रँकचा हात वाकला असेल तर तो सरळ करून वापरू नका. पोलाद एकदा वाकले की ते तिथेच पुन्हा वाकते, तेही तुमचे वजन त्याच्यावर असताना.

तीन तुकड्यांचा क्रँक

दोन हात, एक दांडा, बंद बेअरिंग. इथे रेषा जुळवणे खरोखर सोपे असते, कारण स्पेसर, म्हणजे दांड्यावरच्या जागा भरणाऱ्या रिंगा, इकडच्या तिकडे केल्या की स्प्रॉकेट एक-दोन मिलिमीटर सरकते. पण त्याच स्पेसरवर बेअरिंगचे आयुष्यही ठरते. बोल्ट घट्ट करताच क्रँक जड फिरू लागला, तर स्पेसर जास्त झालेत किंवा दोन बेअरिंगमधली नळी आखूड आहे. दोन्हींमुळे बेअरिंगवर आडवा दाब येतो. असे असताना 'फिरून फिरून सुटेल' म्हणून सोडू नका. सुटत नाही, बेअरिंग मरते.

टक्‌टक् आवाजाबाबत मी इथे कडक आहे. सैल बोल्टवर चार दिवस चालवले तरी हात दांड्यावर घासून दातखाचा, म्हणजे हात दांड्याला घट्ट धरणाऱ्या खाचा, गोल होतात, आणि मग कितीही आवळा, खेळ राहतोच. त्याला दुरुस्ती नाही, हात किंवा दांडा बदलावाच लागतो. तरी आवाजाचा दोष क्रँकवर टाकण्याआधी पायडल काढून आट्यांना ग्रीस लावून पाहा.

निवड कशी करावी

सायकल साध्या रस्त्यावर किंवा मातीत चालते, क्रँक सरळ आहे, आटे शाबूत आहेत? एकसंधच ठेवा. ग्रीस आणि नवे छर्रे पुरेत. उड्या मारता, उंचावरून उतरता, किंवा क्रँक एकदा तरी वाकलाय? तीन तुकड्यांचा घ्या, मागे वळून पाहू नका.

फ्रेम बदलावी लागत नाही. फक्त बेअरिंग किंवा अडॅप्टर त्या रुंद नळीचाच मागा. 'मिड' नावाच्या लहान मापाचे बेअरिंग आणले तर ते नळीतून आरपार जाईल. पायडलही नवे लागतात: एकसंधला १/२ इंचाचे आटे, तीन तुकड्यांना ९/१६. जुने स्प्रॉकेट चालेलच असे नाही, मधले छिद्र आणि बोल्टचे अंतर मोजून घ्या.

बसवताना ४८ खाचांच्या दांड्यावर हात एका खाचेने चुकला, तर दोन्ही हातांत साडेसात अंशांचा फरक पडतो. डोळ्याला तो जेमतेम दिसतो, पायाला मात्र लगेच कळतो. म्हणून बोल्ट आवळण्यापूर्वी मागे उभे राहून दोन्ही हात एका रेषेत आहेत का ते बघा, आणि पहिल्या फेरीनंतर तेच बोल्ट पुन्हा एकदा आवळा.