घरच्या क्लाइंबिंग वॉलसाठी होल्ड: कोणते विकत घ्यावेत, कोणते घरी बनवावेत

भिंतीचा सांगाडा उभा राहिला, प्लाय बसला, की पुढचा प्रश्न होल्डचा, म्हणजे चढताना हाताने धरायच्या आणि पाय ठेवायच्या तुकड्यांचा. पॉलियुरेथेनचे, पॉलिएस्टर रेझिनचे आणि लाकडाचे होल्ड तयार मिळतात. हाताशी करवत, ड्रिल आणि थोडी चिकाटी असेल तर त्यातले बरेच घरीही होतात. सगळं विकत किंवा सगळं घरी, असा टोकाचा निर्णय मात्र सहसा फसतो. आमचं मत आधीच सांगतो: पायाचे होल्ड आणि मोठे जग (पंजा आत अडकेल असे खोल होल्ड) पॉलियुरेथेनचे विकत घ्यावेत, बोटांच्या कडा, पिंच (अंगठा आणि बोटांच्या चिमटीत धरायचे) आणि साधे स्लोपर (कड नसलेले, उतरते गोलसर) लाकडात घरी घडवावेत, रेझिन घरी ओतण्याच्या वाटेला फार थोड्यांनी जावं.

आधी कोन ठरवा

भिंतीचा कोन ठरला नसताना होल्ड घेणं म्हणजे निम्मे पैसे वाया. सरळ उभ्या भिंतीवर 20 मिमी खोलीची सपाट कड धरून निवांत उभं राहता येतं. तीच कड 40 अंश पुढे झुकलेल्या भिंतीवर लावली की तिचा माथाही 40 अंश खाली कलतो आणि बोटं बाहेर घसरायला लागतात. गोलसर स्लोपरचं तर तिथे काहीच चालत नाही. म्हणून उभ्या भिंतीला लहान कडा, स्लोपर आणि पायाचे बारीक होल्ड घ्या. 20 ते 30 अंशांना मध्यम जग आणि पिंच. 40 अंशांना आत वळलेले, बोटं अडकतील असे होल्ड, आणि पायाचे होल्डही तसेच आत वळलेले. झुकलेल्या भिंतीवर पायाने नुसतं दाबून भागत नाही, ओढावंही लागतं.

टी-नटची (होल्डचा बोल्ट धरायला प्लायमध्ये मागून बसवलेल्या नटची) आखणी 20 सेंटिमीटरवर ठेवली तर पुढे पस्तावायची वेळ येत नाही. मूनबोर्ड या ठरीव होल्डच्या सराव भिंतीचा 40 अंशांचा प्रमाणित नमुनाही याच अंतरावर बेतलेला असतो: 11 उभ्या रांगा, 18 आडव्या, एकूण 198 जागा. सुरुवातीला दर चौरस मीटरला 8 ते 10 होल्ड धरा, त्यातले साधारण एक तृतीयांश फक्त पायासाठी.

पॉलियुरेथेन की पॉलिएस्टर

दिसायला दोन्ही सारखेच. फरक बोल्ट आवळताना कळतो. पॉलियुरेथेन किंचित लवतं, वजनाला हलकं असतं, हातातून पडलं तरी सहसा ढलपी उडत नाही. पॉलिएस्टर कडक आणि ठिसूळ. त्याची पाठ पूर्ण सपाट नसेल आणि बोल्ट जोरात आवळला, तर पाठीच्या फुगीर जागेवर सगळा ताण येऊन बोल्टच्या भोकापासून कडेपर्यंत तडा जातो. पॉलिएस्टरची खरखर दगडाच्या जवळ जाते, काहींना ती पकड मनापासून आवडते; पण आठवड्यातून चार दिवस चढणाऱ्याच्या बोटांची सालं तीच काढते. क्लाइंबिंगच्या व्यायामशाळेत आठवड्यातून एकदा जाणाऱ्याला हे जाणवत नाही, घरच्या भिंतीवर पहिल्याच महिन्यात जाणवतं.

नवीन घेत असाल तर पॉलियुरेथेनच घ्या. भिंत उघड्यावर असेल तर दुसरा विचारच नको, कारण पावसापाण्यात लाकूड फुगतं, सुकताना चिरतं, आणि साध्या लोखंडी बोल्टना गंज धरतो.

लाकूड: घरच्या भिंतीचा खरा आधार

जर्मन क्लाइंबर वोल्फगांग ग्युलिखने 1988 मध्ये न्यूरेम्बर्गला पहिला कॅम्पस बोर्ड (पाय न टेकता फक्त हातांनी चढायचा सरावाचा फळा) उभारला तोही लाकडी पट्ट्यांचाच. कारण आजही तेच आहे: लाकूड कातडीला सांभाळून घेतं. घर्षण कमी असल्यामुळे बोटांना जास्त जोर लावावा लागतो, पण कातडी टिकते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सराव करता येतो. कड किती खोल आणि किती गोल हवी हेही मिलिमीटरमध्ये तुमच्याच हातात राहतं.

लाकूड निवडताना बारीक आणि घट्ट तंतूंचं कठीण लाकूड बघा. बीच आणि मेपल उत्तम, ॲश चालतं. पाईन स्वस्त पडतं, पण मऊ असल्यामुळे कडा दबतात आणि कूस घुसते. सागाला नैसर्गिक तेलकटपणा असतो, त्यामुळे तुकडे चिकटवायचे असतील तर गोंद नीट धरत नाही. ओल्या लाकडाला हात लावू नका. ते भिंतीवर सुकतं, आकसतं, बोल्ट ढिला पडतो आणि स्क्रूच्या रेषेत चीर जाते. प्लायचे तुकडे एकावर एक चिकटवून स्लोपर छान होतात, पण बारीक कडेसाठी प्लाय नको, थर सुटतात.

लाकडी कड कशी घडवावी

ठोकळे आधी कापून मग घासत बसू नका. 45 × 70 मिमी छेदाची, मीटरभर लांबीची सरळ पट्टी घ्या. तंतू पट्टीच्या लांबीत हवेत, गाठ नको. सगळी कामं लांब पट्टीवरच उरका आणि तुकडे सर्वांत शेवटी कापा. हातात धरलेल्या छोट्या तुकड्यावर राउटर (फिरत्या पात्याने लाकूड कोरणारं यंत्र) चालवला तर तो तुकडा फेकतो आणि बोटं पात्याकडे जातात.

वरच्या बाजूला 10 ते 15 अंशांचा आतला उतार द्या. उतार जास्त दिला तर पुढचा ओठ पातळ होतो आणि तंतूंच्या रेषेत निखळतो. ओठाची जाडी 15 मिमीच्या खाली जाऊ देऊ नका. पुढच्या कडेला राउटरने 10 मिमी त्रिज्येची गोलाई. सरावलेल्यांना 5 मिमी चालते, पण धारदार काटकोन कुणालाच नको: तो बोटाच्या पेराखाली रुततो आणि स्नायुबंध दुखावतात. नव्याने चढणाऱ्यांसाठी कडेची खोली 30 ते 35 मिमी ठेवा, 20 मिमीवर नंतर या.

भोकं पाडताना क्रम महत्त्वाचा. आधी 22 मिमीच्या सपाट तळाच्या बिटने बोल्टच्या डोक्यासाठी 15 मिमी खोल खड्डा करा, मग त्याच मध्यातून 11 मिमीचं आरपार भोक. उलट केलंत तर मोठ्या बिटच्या टोकाला धरायला लाकूडच उरत नाही आणि ते भरकटतं. एम 10 (10 मिमी व्यासाच्या) ॲलन बोल्टचं, म्हणजे डोक्यात षटकोनी खाच असलेल्या बोल्टचं, डोकं 16 मिमी रुंद आणि 10 मिमी उंच, वायसर 20 मिमीचा. खड्ड्यात दोन्ही बसून वर थोडी जागा राहते. वायसर गाळू नका. तो नसेल तर डोकं हळूहळू लाकडात घुसतं आणि बोल्ट कितीही आवळा, ढिलाच होत जातो.

पाचर आकाराच्या डोक्याचे बोल्ट आणि स्क्रू लाकडी होल्डला लावू नयेत. आवळताना ते भोक फाकवतात आणि होल्ड तंतूंच्या दिशेने दुभंगतो. पाचर डोकं फक्त तशा खोबणीच्या तयार होल्डसाठी.

घासणं 80 नंबरच्या पॉलिश पेपरने सुरू करून 120 वर थांबवा. मग ओल्या फडक्याने पुसून घ्या. तंतू उभे राहतील. सुकल्यावर 120 चा हलका हात फिरवा. ही पायरी वगळली तर पहिल्या घामातच पृष्ठभाग खडबडीत होतो आणि होल्ड पुन्हा उतरवावा लागतो. व्हार्निश, पॉलिश, रंग काहीही लावू नका, पकडच जाते. लाकूड उघडंच ठेवायचं.

आता पाय. लाकडी पायाचे होल्ड करू नयेत, असं आम्ही ठामपणे सांगतो. बुटाच्या रबराने लहान लाकडी कड लवकर चकचकीत होते आणि नेमका पाय ठेवायच्या जागी घसरते. पॉलियुरेथेनचे स्क्रूने लागणारे छोटे फूटहोल्ड घ्या. टी-नटच्या जागेशी ते बांधलेले नसतात, हवे तिथे लागतात.

रेझिन घरी ओतायचं का

एकाच आकाराचे पुष्कळ होल्ड हवे असतील, किंवा लाकडात न जमणारे पॉकेट (एक-दोन बोटं घालायची भोकं) आणि वळणदार आकार हवे असतील, तरच याचा विचार करा. खर्च फारसा वाचत नाही, कारण साच्याचं सिलिकॉन महाग असतं आणि पहिले काही नग वायाच जातात.

नमुना मातीचा किंवा कोरड्या फोमचा करता येतो. प्लॅटिनम सिलिकॉन (प्लॅटिनमच्या साहाय्याने घट्ट होणारं) वापरणार असाल तर मॉडेलिंगची माती गंधकविरहित घ्या. गंधकामुळे सिलिकॉन घट्टच होत नाही, पृष्ठभाग चिकट राहतो. नमुन्याभोवती 10 ते 12 मिमी जाडीचा साचा पुरतो. पॉलिएस्टर रेझिनमध्ये मिसळायची वाळू पूर्ण कोरडी हवी. ओलसर वाळूने रेझिन नीट घट्ट होत नाही. हार्डनर साधारण रेझिनच्या वजनाच्या 1 ते 2 टक्के. जास्त घातला तर काम लवकर उरकत नाही, मिश्रण तापतं आणि जाड होल्ड आतून तडकतो. बोल्टच्या जागी स्टीलचा वायसर ओतीवातच बसवा.

इथला धोका खरा आहे. पॉलिएस्टर रेझिनमधून स्टायरीनची वाफ निघते. धुळीचा मास्क तिला अडवत नाही. सेंद्रिय वाफेच्या कार्ट्रिजचा मास्क आणि खेळती हवा लागते. पेरॉक्साइडचा हार्डनर डोळ्यात गेला तर डोळा कायमचा जायबंदी होऊ शकतो, तेव्हा चष्मा घाला. हार्डनर आणि कोबाल्टचा प्रवेगक एकमेकांत थेट कधीही मिसळू नका. ते मिश्रण स्फोटक होतं. पाठ घासताना वाळूची बारीक धूळ उडते, ती फुप्फुसात जाऊ नये म्हणून पाणी लावून घासा. राहत्या खोलीत किंवा बंद गॅरेजमध्ये हे काम करूच नका.

घरी पॉलियुरेथेन ओतणं याहून कठीण. हवेतल्या दमटपणानेही त्याला फेस येतो आणि होल्ड आतून पोकळ निघतो. थ्रीडी प्रिंटर असेल तर त्यावर साच्याचा नमुना काढा, होल्ड नको. पीएलए (प्रिंटरचं नेहमीचं प्लास्टिक) साधारण 60 अंश सेल्सिअसला मऊ पडतं आणि भार आला की थरांच्या सांध्यात फाटतं.

बोल्ट की स्क्रू, आणि कुठे बिघडतं

बोल्टने लागणारा होल्ड क्षणात फिरवता, हलवता येतो; स्क्रूचा होल्ड दरवेळी प्लायला नवी भोकं पाडतो. हाताचे बोल्टवर, पायाचे स्क्रूवर, हे गणित बहुतेकांना पुरतं. स्क्रू 5 मिमी जाडीचे लाकडी स्क्रू घ्या. जिप्सम बोर्डचे काळे स्क्रू ठिसूळ असतात, आडव्या भाराने कटकन तुटतात. होल्डमधलं भोक स्क्रूपेक्षा किंचित मोठं ठेवा. आटे होल्डमध्येच धरले तर होल्ड प्लायला घट्ट टेकत नाही.

प्लाय 18 मिमीपेक्षा कमी नको. एम 10 टी-नटसाठी 12 मिमीचं भोक पाडून नट मागून बसवा. ओढीने तो आणखी रुतला पाहिजे. बोल्टची लांबी मोजून घ्या: 40 मिमी जाडीच्या लाकडी होल्डमध्ये 15 मिमी खड्डा गेला की डोक्याखाली 25 उरले, वायसर 2, प्लाय 18, म्हणजे 45 मिमी. 50 चा बोल्ट घेतला तर 5 मिमी मागे येतो, ते ठीक. पण मागे सांगाड्याची पट्टी असेल तर तोच बोल्ट तिला टेकून टी-नट बाहेर ढकलतो.

सगळ्यात जास्त त्रास देते ती आट्यांची गल्लत. एम 10 आणि इंची 3/8 हे बोल्ट जवळजवळ सारखे दिसतात: एकाचा व्यास 10 मिमी, दुसऱ्याचा 9.5, आटेही थोड्याच फरकाचे. 3/8 चा बोल्ट एम 10 नटमध्ये दोन-चार फेरे सहज जातो, मग अडकतो, आटे खातो आणि नट प्लायमध्येच फिरू लागतो. फिरणारा टी-नट सोडवायला मागून पकड लावावी लागते, तेव्हा भिंतीची मागची बाजू बंद होणार असेल तर काट्यांचे टी-नट नको, स्क्रूने घट्ट होणारे घ्या. भिंतीवर दोनपैकी एकच माप ठेवा आणि दुसऱ्या मापाचा एकही बोल्ट घरात ठेवू नका.

बोल्ट हाताने दोन-तीन फेरे फिरवून मगच 8 मिमीची ॲलन की लावा. घट्ट टेकल्यावर आणखी पाव फेरा पुरे. इम्पॅक्ट ड्रायव्हरने शेवटचा पीळ दिला की पॉलिएस्टर तडकतं, लाकूड चिरतं. एका बाजूला ओढ येणारा लांबट होल्ड फिरत असेल तर आणखी आवळू नका. मध्यापासून दूर एक 4 मिमीचा स्क्रू मारा. लाकडी होल्ड पहिल्या काही आठवड्यांत पुन्हा एकदा आवळावे लागतात.

कुणी काय घ्यावं

मुलांसाठी किंवा नवख्यांसाठी उभी भिंत असेल तर पॉलियुरेथेनचे जग भरपूर घ्या, लाकडी काम नंतर. ताकद वाढवण्यासाठी झुकलेली लहान भिंत असेल तर उलट: निम्म्याहून जास्त लाकूड, पाय पॉलियुरेथेनचे, आणि एकाच खोलीच्या कडांच्या जोड्या, म्हणजे दोन्ही हातांना सारखा भार येतो. अवजारं नसतील, किंवा ठोकळा घट्ट धरायला शिकंजा नसेल, तर लाकडी होल्डही विकतच घ्या.

जुने होल्ड स्वस्तात मिळाले तर आधी ब्रशने घासून साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, कारण चढताना हाताला लावायच्या खडूच्या थराखाली तडे लपतात. लाकडी होल्ड मात्र पाण्यात घालू नका, कोरड्या ब्रशनेच साफ करा. बोल्टच्या भोकाभोवती केसाएवढी रेघ दिसते का ते उजेडात धरून पाहा, मग टकटक करून ऐका. तडा गेलेला होल्ड बद्द वाजतो. तसा होल्ड पायासाठीही वापरू नका.