समुपदेशन: समोर बसून की व्हिडिओ कॉलवर?

घरातल्या तिढ्यासाठी समुपदेशकाकडे जायचं ठरलं, की पुढचा प्रश्न लगेच येतो: प्रत्यक्ष जायचं की व्हिडिओ कॉलवर बोलायचं? मी दोन्ही केलंय. बाबा गेल्यावर आई पुण्याला आमच्याकडे राहायला आली आणि वर्षभरात घरातलं बोलणं "वाढू का?" एवढ्यावर येऊन थांबलं. आई आणि बायको, दोघीही मनानं चांगल्या. मी मात्र मधल्या मध्ये घुसमटत होतो.

पहिली पाच सत्रं ऑनलाइन केली. सोय होती यात शंका नाही. ऑफिसातून आल्यावर साडेआठची वेळ मिळायची, हडपसर ते कर्वे रस्ता हेलपाटा वाचायचा, फीसुद्धा थोडी कमी होती. बोलणाऱ्या बाई जाणत्या होत्या, त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

अडचण घराची होती. बेडरूमचं दार लावून बोलायला बसलो, की दाराखालच्या फटीत आईच्या पावलांची सावली दिसायची. ती कान देऊन ऐकत नव्हती, देवघरच त्या बाजूला आहे. पण सावली दिसली की माझा आवाज खाली यायचा आणि तिला कळू नये म्हणून मी इंग्रजीत शिरायचो. 'स्पेस', 'बाउंडरी' हे शब्द भराभर यायचे. बाबा गेले त्या रात्री आई मला काय म्हणाली, ते मात्र इंग्रजीत सांगताच येईना. हेडफोनचाही उपयोग नाही. त्यानं समोरच्याचं बोलणं झाकलं जातं, आपलं नाही. दोनदा गाडीत बसून पाहिलं. पार्किंगमध्ये रेंज नाही, आणि रस्त्यावर गाडी लावली तर ओळखीचे लोक काचेवर टकटक करतात.

शेवटी प्रत्यक्ष जायला लागलो. त्या खोलीत पहिल्याच दिवशी ती रात्र मराठीत सांगून झाली. तिसऱ्या वेळी आई आली. दाराजवळच्या खुर्चीत, पिशवी मांडीवर घट्ट धरून बसली. समुपदेशकांनी तिला "पुढे या" म्हटलं नाही, फक्त विचारलं, "इथं बरं वाटतंय ना?" पाऊण तासानं आईनं पिशवी खाली ठेवली. कॉलवर तिचा चेहरा दिसला असता, पिशवी दिसली नसती.

अर्थात प्रत्येकाचं घर वेगळं. तुमच्या तालुक्यात समुपदेशकच नसेल, किंवा तुम्ही परदेशात असाल आणि मराठीत बोलणारं माणूस हवं असेल, तर ऑनलाइनच बरं. एकटे राहत असाल तर माझी अडचण तुम्हाला येणारही नाही. घरात मारहाण होत असेल तर मात्र एकत्र बसण्याची घाई करू नका, आधी एकट्यानं बोला. आणि जीव नकोसा वाटत असेल तर हा तुलनेचा विचार बाजूला ठेवून आत्ताच १४४१६ लावा. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली ही केंद्र सरकारची टेली-मानस सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं.

पण एका छपराखाली राहणाऱ्या माणसांबद्दलच बोलायचं असेल, तर जमल्यास त्या छपराबाहेर जाऊन बोला, असं मला वाटतं. निदान पहिल्या दोन-तीन भेटी तरी. आम्ही अजून महिन्यातून एका शनिवारी जातो. परवा निघताना बायको चपला घालत होती, तर आईनं आतून हाक मारली, "थांब गं, मीही येते."