एक मोठी कंपनी की दहा लहान गिऱ्हाइकं?

भोसरीत दोन लेथ आणि एक व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशिन) टाकून बसलेल्या माणसापुढे हा प्रश्न कधी ना कधी येतोच. मी दोन्ही करून बसलोय.

मोठ्या कंपनीचं सुख खोटं नाही. शेड्यूल महिनाभर आधी हातात, तोच पार्ट, तो पकडायचं तेच फिक्श्चर. सेटिंग मोडावं लागत नाही. सीसी, म्हणजे बँकेचं कॅश क्रेडिट, वाढवून मागायला गेलं की कंपनीचा पीओ (खरेदीची ऑर्डर) बघून बँकेतले साहेब चहा मागवतात. लहान गिऱ्हाईक ड्रॉइंग व्हॉट्सॲपवर पाठवतं, तेही तिरकं काढलेल्या फोटोत, आणि पाच नगांसाठी अर्धा दिवस सेटिंगमध्ये जातो. भावाची घासाघीस दोघांकडेही सारखीच.

माझं घोडं अडलं ते जीआरएनवर, म्हणजे माल मिळाल्याच्या कंपनीच्या पावतीवर. माल आत गेला, चलनावर शिक्का पडला, तरी इन्स्पेक्शन होऊन जीआरएन निघेपर्यंत त्यांचे पैसे द्यायचे दिवस मोजायला सुरुवातच नाही. क्वालिटीवाला रजेवर, मग ऑडिट, मग दिवाळी. एकदा बावीस दिवसांनी चौकशीला गेलो, तर आमचा क्रेट स्टोअरच्या कोपऱ्यात तसाच. आमच्या पोरानं मारलेली निळी पट्टीसुद्धा सुटली नव्हती. मधल्या २० तारखेला त्या बिलाचा जीएसटी मात्र मी पदरचा भरून मोकळा झालो होतो.

कायदा आपल्या बाजूचा आहे, लहान उद्योगाची सरकारी उद्यम नोंदणी तेवढी हवी. २००६ च्या एमएसएमई कायद्यानं १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर माल पोचला त्याच दिवशी स्वीकारला असं धरतात. करारात काहीही लिहा, पैसे ४५ दिवसांच्या आत. नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. पण सरकारच्या पोर्टलवर थकलेल्या पैशांची तक्रार टाकायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच गेटवर टेम्पो न्यायचा, एवढी छाती माझी तरी नाही.

लहान गिऱ्हाईकही बुडवतं. माझे दोघांनी बुडवलेत, पण त्यानं शॉप हललं नाही. कंपनीच्या एका मेलनं शेड्यूल निम्मं झालं, तेव्हा व्हीएमसीचा हप्ता काही निम्मा झाला नाही.

तीन-चार महिने ओढून नेण्याइतकं भांडवल गाठीशी असेल, तर मोठी कंपनी जरूर धरा. मीही सोडलेली नाही, फक्त तिला आता एकच लेथ दिलाय. बाकी मशिनवर तिरक्या फोटोंचे जॉब चालतात. त्यातला एक पंपवाला तर माल गाडीत चढायच्या आधीच मोबाईल काढून विचारतो, "क्यूआर कुठंय?"