१९६७ ची मस्टँग कूपे: सबफ्रेम कनेक्टर, एक्स्पोर्ट ब्रेस आणि मॉन्टे कार्लो बार, एक अख्खा मोसम चालवल्यावर

आधी निकाल सांगून टाकतो. माझ्या २८९ (क्यूबिक इंचांच्या) व्ही-८ वाल्या साध्या कूपेला यंदा एप्रिलमध्ये बॉडी ताठ करणाऱ्या तीन गोष्टी लावल्या: एक्स्पोर्ट ब्रेस, मॉन्टे कार्लो बार आणि वेल्ड केलेले सबफ्रेम कनेक्टर. पहिली आणि तिसरी पैसे वसूल. दुसरी लावली नसती तरी काही अडलं नसतं. मे ते ऑक्टोबर गाडी दाबून चालवली, तीही मिशिगनच्या रस्त्यांवर. इथे हिवाळाभर फटींत पाणी गोठतं, वितळतं, पुन्हा गोठतं, आणि वसंतात डांबराचे पोपडे निघतात. बॉडीचा ताठपणा तपासायला याहून चांगला ट्रॅक मला माहीत नाही.

मुळात ही गाडी लवचीक का, ते समजलं की काय घ्यायचं ते आपोआप ठरतं. मस्टँगला वेगळी फ्रेम नाही. १९६४ साली फोर्डने ती फाल्कनच्या सांगाड्यावर उभी केली: पुढे इंजिनच्या दोन्ही बाजूंना दोन रेल, मागे पाट्यांसाठी (लीफ स्प्रिंगसाठी) दोन रेल, आणि मधे फक्त फ्लोअरचा पत्रा नि कडेचे रॉकर, म्हणजे दारांखालचे पत्र्याचे उंबरे. पुढचे रेल पुढच्या सीटखाली येऊन संपतात. मागचे रेल मागच्या सीटच्या पुढून सुरू होतात. मधे गॅप. त्यात पुढची कॉइल स्प्रिंग सस्पेन्शनच्या खालच्या आर्मवर नाही, वरच्या आर्मवर बसते आणि तिचं वरचं टोक शॉक टॉवरमध्ये, म्हणजे इंजिनच्या बाजूच्या उभ्या पत्र्याच्या खोक्यात असतं. म्हणजे प्रत्येक खड्डा टॉवरला वर आणि आत ढकलतो. पन्नास-साठ वर्षं हे चाललं की टॉवर आत झुकतात, कधी पत्र्याला तडेही जातात. १९६७ ला ३९० चं मोठं इंजिन मावावं म्हणून गाडी २.७ इंचांनी रुंद केली, पण ही मांडणी तशीच राहिली.

बरेच जण आधी कडक स्प्रिंग आणि जाड अँटी-रोल बार घेतात. बाजेचे पाय डगमगत असतील तर नवार कितीही ताणा, झोपणाऱ्याला हेलकावे बसणारच. सस्पेन्शन जिथे अडकवलंय ती जागाच हलत असेल तर कडक स्प्रिंग फक्त बॉडी जास्त पिळते.

आपली गाडी कितपत पिळते हे पाहायला पैसे लागत नाहीत. पुढच्या एका चाकाच्या मागे रेलखाली जॅक लावा, हळूहळू उचला आणि त्या बाजूच्या दाराच्या मागच्या फटीकडे बघत राहा. माझ्या गाडीत फट वरच्या बाजूला डोळ्याला दिसेल इतकी बदलायची आणि त्या अवस्थेत दार उघडलं तर लावताना लॅच घासायचा. आता फट हलत नाही असं म्हणणार नाही, पण दार दोन बोटांनी बंद होतं.

एक्स्पोर्ट ब्रेस म्हणजे दोन्ही टॉवरांना काऊलशी (विंडशील्डखालच्या आडव्या पत्र्याच्या पेटीशी) बांधणारा एकसंध प्रेस केलेला पत्रा. मूळ गाडीत तिथे दोन सुट्या पट्ट्या असतात. खराब रस्त्यांच्या देशांत जाणाऱ्या गाड्यांना फोर्ड हा भाग लावायचं, म्हणून हे नाव. किंमत शंभर डॉलरच्या आत. माझे टॉवर आत आले असणार हे कळलं ते ब्रेसची भोकं जुळेनात तेव्हा. टॉवरांच्या मधे स्क्रू-जॅक धरून हळूहळू फाकवावे लागले. इथे घाई नको आणि भोकं कानशीने वाढवून तर अजिबात बसवू नका, नाहीतर झुकलेले टॉवर आहेत तिथेच कायमचे पक्के होतील. टॉवर हलले की कँबर (चाकाचा आत-बाहेरचा कल) बदलतो, तेव्हा अलाइनमेंट लगेच करून घ्या. १९६७ पासून कँबरला खालच्या आर्मवर एक्सेंट्रिक बोल्ट आहे, कॅस्टरला (स्टीअरिंगच्या अक्षाच्या पुढे-मागे कलाला) स्ट्रट रॉड, त्यामुळे जुन्या मॉडेलांसारखं शिमांशी, म्हणजे पातळ चकत्यांशी, खेळावं लागत नाही.

फरक? खड्ड्यातून जाताना स्टीअरिंगला जो थरथराट यायचा तो निम्म्याहून कमी झाला. इतक्या कमी पैशात एवढा परिणाम देणारा दुसरा भाग मला सापडलेला नाही.

मॉन्टे कार्लो बार टॉवरपासून टॉवरपर्यंत आडवा जातो. १९६५ च्या शेल्बी जीटी३५० ला (मस्टँगच्या रेसिंगसाठी सजवलेल्या आवृत्तीला) हे दोन्ही भाग होते, त्यामुळे बॉनेट उघडलं की रुबाब दिसतो. पण ब्रेस आधीच असताना रस्त्यावर मला वेगळं काही जाणवलं नाही, आणि डिस्ट्रिब्युटरशी काम करताना हात मात्र अडतो. घ्यायचाच तर सरळ आकाराचा बार घ्या. एअर क्लीनरला वळसा घालणारा वाकडा बार दाबाखाली त्या वळणातच वाकणार.

आता कनेक्टर. पुढच्या नि मागच्या रेलमधली ती गॅप भरून काढणारी चौकोनी नळी, दोन्ही बाजूंना एकेक. बोल्टवाले आणि वेल्डवाले असे दोन प्रकार मिळतात. बोल्टवाले घरच्या गॅरेजात बसतात आणि नको झाले तर काढता येतात, हे खरं. पण रेलचा पत्रा पातळ, त्यात बोल्टच्या भोवती सतत ओढाताण, मग भोकं लंबगोल होतात आणि दोन-तीन वर्षांत कुईकुई सुरू. मी वेल्डवाले घेतले, तेही सीटच्या प्लॅटफॉर्मखाली फ्लोअरला चिकटून जाणारे आणि तिथेही वेल्डचे टाके मारता येतील असे. नुसती दोन टोकं जोडली तर गाडी मधून वाकणं कमी होतं. पिळवटणं कमी व्हायला नळी फ्लोअरशी आणि जमलं तर रॉकरशीही बांधलेली हवी.

वेल्डिंगला देताना वर्कशॉपला एवढंच ठणकावून सांगा की गाडी स्वतःच्या चाकांवर उभी हवी. फोर-पोस्ट लिफ्ट चालेल; दोन खांबांच्या लिफ्टवर बॉडी लटकलेली असते आणि ती ज्या आकारात लटकते त्याच आकारात वेल्ड होते. दारांच्या फटी आधी मोजा, टॅक (तात्पुरते ठिपके) मारल्यावर पुन्हा मोजा, मग पूर्ण टाके. सीट, कार्पेट बाहेर, बॅटरी सुटी. आणि या गाडीत पेट्रोलच्या टाकीचा वरचा पत्रा हाच डिक्कीचा फ्लोअर असतो, म्हणून मागच्या टोकाचं काम टाकी उतरवल्याशिवाय करू देऊ नका. पेट्रोल आणि ब्रेकचे पाइप, हँडब्रेकच्या केबली कुठून जातात तेही आधी पाहून ठेवा.

रस्त्यावर पहिला फरक कोपऱ्यात जाणवला नाही, आवाजात जाणवला. डॅशबोर्डची खडखड, आरशाचं थरथरणं, मागच्या काचेची किणकिण, सगळं एकदम उतरलं. रेल्वे क्रॉसिंगवर पूर्वी आधी पुढचा गचका, मग बॉडीची एक लाट आणि मग मागचा गचका असा क्रम असायचा. ती मधली लाट गेली. वळणावर गाडी लवकर स्थिरावते, पण त्याचं कौतुक बेताचंच. वेगवान झाली म्हणाल तर नाही. वजन वाढलं, पंधराएक किलो.

एक उपद्रवही झाला: मागचे शॉक किती दमलेत ते उघडं पडलं. बॉडी लवत होती तोवर ते झाकलेलं होतं. जुलैत शॉक आणि पाट्यांच्या शॅकलचे बुश बदलले. बजेट आखताना हे धरा. शिवाय उजवीकडचा एक्झॉस्ट पाइप नळीला घासायचा, तो हँगर सरकवून मोकळा केला.

ऑगस्टमध्ये वुडवर्ड ड्रीम क्रूझला (डेट्रॉइटजवळच्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला) बऱ्याच जणांनी वाकून खाली पाहिलं आणि विचारलं, ‘ओरिजिनॅलिटी गेली ना?’ १९६७ साली जवळपास पावणेपाच लाख मस्टँग बनल्या, त्यातल्या साडेतीन लाखांहून जास्त माझ्यासारख्या कूपे. तिला वेल्ड करताना हात थरथरायचं कारण नाही. खरी शेल्बी असेल तर मीही टॉर्चला हात लावणार नाही.

दुसरी गाडी असेल तर हिशेब वेगळा. पहिल्या पिढीच्या कॅमेरोला पुढची सबफ्रेम रबरी बुशांवर बोल्ट केलेली असते, तिथे आधी ते बुश बघा, कनेक्टर नंतर. प्लिमथ-डॉजच्या गाड्यांत पुढचा भार टॉर्शन बारमधून (पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांडीतून) मधल्या क्रॉसमेंबरवर येतो, म्हणून तो मागच्या रेलला जोडणं हेच मुख्य काम. शेव्हेल किंवा जीटीओला खरी फ्रेम आहे. तिथे कनेक्टरचा प्रश्नच नाही.

आणि गंज. मस्टँगचा काऊल आतून कुजतो, विंडशील्डखालच्या जाळीतून पाणी सरळ पायाशी येतं. जाळीवर मगभर पाणी ओता आणि कार्पेट उचलून बघा. ओलं निघालं तर ब्रेस घेऊ नका, ती ज्याला बांधायची तोच पत्रा उरलेला नाही. फ्लोअर आणि रेललाही हेच लागू. माझा काऊल कोरडा निघाला, पण डावा टॉर्क बॉक्स (रेल आणि रॉकर जोडणारी पत्र्याची पेटी) पॅच करावा लागला आणि त्याचं बिल कनेक्टरच्या किमतीपेक्षा जास्त आलं. नळ्यांच्या आत कॅव्हिटी वॅक्स (गंज रोखणारं मेण) मारलंय; हिवाळ्यात बर्फ वितळवायचं मीठ रस्त्यावर पडायच्या आत गाडी कव्हरखाली जाते, तेव्हा पुन्हा एक हात मारीन आणि टाक्यांवर रंग सुटलाय का ते बघेन.