वंशावळ कुठे ठेवावी: सामायिक वृक्षात की स्वतःच्या संगणकावर?

वर्षानुवर्षं जमवलेली वंशावळ जुन्या ठिकाणाहून हलवून नव्याने मांडायची असेल, तर मुख्य वाटा दोन आहेत. एक सामायिक वृक्षाची: फॅमिलीसर्च, विकीट्री, जेनी ही संकेतस्थळं. इथे सगळ्यांचा मिळून एकच वृक्ष वाढतो. दुसरी वाट म्हणजे ग्रॅम्प्स किंवा रूट्समॅजिकसारखं सॉफ्टवेअर स्वतःच्या संगणकावर ठेवणं. माझं मत आधीच सांगते: मूळ प्रत स्वतःकडे ठेवावी आणि सामायिक वृक्षात फक्त दिवंगत पिढ्या द्याव्यात. मात्र हे सगळ्यांनाच लागू पडेल असं नाही.

सामायिक वृक्षाचा खरा फायदा माणसं सापडण्यात आहे. पणजीच्या माहेरची नावं आपल्याकडे नसतात, पण त्या घरातल्या कुणीतरी ती आधीच नोंदवलेली असू शकतात. अशा दोन फांद्या जुळल्या की आपल्या एकट्याच्या शोधाने कधीच हाती न लागलेली पिढी समोर येते. हा आनंद मोठा आहे, आणि फॅमिलीसर्च व विकीट्रीवर तो मोफत आहे.

पण तिथे दिवंगत माणसाची नोंद कुणा एकाची नसते. समजा, आजोबा आणि नातू एकाच नावाचे आहेत. दूरच्या कुणा नातेवाइकाला ती दुबार नोंद वाटते आणि तो दोन्ही एकत्र करतो. नातवाची मुलं आजोबांच्या नावावर जातात, दोन सुना एकाच माणसाच्या बायका ठरतात, मधला माणूस आपल्याच बापाचा बाप होऊन बसतो. फॅमिलीसर्चवर बदलांचा इतिहास राहतो आणि एकत्र केलेल्या नोंदी पुन्हा वेगळ्याही करता येतात, पण लक्ष ठेवून ते आपल्यालाच करावं लागतं. म्हणून नोंदीसोबत पुरावा आणि ‘हे दोघे वेगळे, कारण…’ अशी टीप लिहिलेली असावी. टीप असली की पुढचा माणूस हात लावण्याआधी थांबतो.

स्वतःच्या संगणकावर हा धोका नाही. 2001 पासून चालत आलेलं ग्रॅम्प्स मोफत आणि मुक्त स्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड सर्वांसाठी खुला आहे. त्यात माहितीचा स्रोत आणि त्या स्रोतातला नेमका उल्लेख वेगवेगळे नोंदवता येतात, त्यामुळे जन्मतारीख दाखल्यावरून घेतली की आत्याच्या आठवणीवरून, हे कायम दिसतं. शिकायला ते जड जातं, हे खरं. आणि इथली वंशावळ आपण दाखवल्याशिवाय कुणाला दिसत नाही. डिस्क गेली आणि दुसरी प्रत नसली तर सगळंच गेलं.

जिवंत माणसांच्या बाबतीत मात्र मला दुसरी वाटच योग्य वाटते. आईचं माहेरचं आडनाव आणि जन्मतारीख ओळख पटवण्यासाठी सर्रास विचारली जाते. ती माहिती परस्पर बाहेर देण्याचा हक्क आपल्याला नाही. फॅमिलीसर्च जिवंत व्यक्तींच्या नोंदी सर्वांना दाखवत नाही. म्हणजे तुमच्याकडे हयात असलेल्या तीनच पिढ्यांची माहिती असेल, तर तिथे जाऊन फारसं काही हाती लागणार नाही.

बंद पडण्याची भीती दोन्हीकडे आहे. अँसेस्ट्री या वंशावळींच्या कंपनीने मायफॅमिली ही कुटुंबांसाठीची ऑनलाइन सेवा 2014 मध्ये बंद केली. तिचंच फॅमिली ट्री मेकर हे संगणकावरचं सॉफ्टवेअर बंद करत असल्याचं 2015 मध्ये जाहीर झालं, आणि 2016 मध्ये ते दुसऱ्या कंपनीकडे गेलं. फरक इतकाच की सॉफ्टवेअर थांबलं तरी फाइल आपल्या डिस्कवर राहते.

म्हणून निवड करताना मी बाहेर पडण्याची वाट आधी बघते. वंशावळ इकडून तिकडे नेण्याचं सर्वमान्य साधन म्हणजे 1984 मध्ये आलेली जेडकॉम फाइल. ती साधा मजकूर असते आणि प्रत्येक ओळ अंकाने सुरू होते: 0 म्हणजे नवी नोंद, 1 म्हणजे त्या माणसाचा जन्म किंवा मृत्यू, 2 म्हणजे त्या जन्माची तारीख आणि गाव. विकीट्री ही फाइल देतं. फॅमिलीसर्चच्या वृक्षातून ती थेट उतरवता येत नाही, रूट्समॅजिकसारखं जोडलेलं सॉफ्टवेअर मध्ये घ्यावं लागतं.

फोटोंचं काय होईल, हे आधी पाहा. जेडकॉमच्या 5.5.1 या आधीच्या आवृत्तीत फोटो नसतो, तो कुठे ठेवला आहे त्याचा फक्त पत्ता असतो. फोल्डरचं नाव बदललं की दुवे तुटतात. 2021 च्या 7.0 आवृत्तीत फोटोंसकट एकच गठ्ठा बांधण्याची सोय आहे, आणि सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवणारी युनिकोडची यूटीएफ-8 ही पद्धत सक्तीची असल्याने देवनागरी नावं शाबूत राहतात. अर्थात दोन्हीकडच्या सॉफ्टवेअरला ही आवृत्ती वाचता यायला हवी.

सगळं हलवण्याआधी एकच अवघड कुटुंब नेऊन बघा: दोन लग्नं, एक दत्तक मूल, एक अंदाजे तारीख, एक फोटो. दत्तक मुलगा सख्खा म्हणून उतरला का? ‘सुमारे 1870’ असं मराठीत लिहिलेलं असेल, तर सॉफ्टवेअर त्याला तारीख न मानता नुसता मजकूर समजू शकतं, मग तो माणूस कालक्रमात भलतीकडेच बसतो. अशा तारखा सॉफ्टवेअरच्या ‘अंदाजे’ या पर्यायातून पुन्हा भरा, आणि मगच बाकीची घराणी हलवा. जुनी जागा तोवर बंद करू नका.