बंपरचा खड्डा, टच-अपची बाटली आणि वाया गेलेला जुलै

गाडी आमची स्विफ्ट, 2017 ची, सिल्की सिल्व्हर. सोसायटीत आमच्या पार्किंगला लागून एक खांब आहे, त्याला चांगले काळे-पिवळे पट्टे मारलेत, तरीपण जूनमध्ये रिव्हर्स घेताना मागच्या बंपरचा डावा कोपरा मी त्याला घासलाच. आवाज काही फार नव्हता, नुसतं खर्रर झालं. उतरून बघतो तर वीतभर ओरखडे आणि मधोमध एक खड्डा, तांदळाचा दाणा आडवा बसेल एवढा, आतलं काळं प्लास्टिक उघडं पडलेलं आणि कडेला प्लास्टिकची सालं उभी राहिलेली.

सर्व्हिस सेंटरवाल्यांचं उत्तर ठरलेलंच, पूर्ण बंपर रंगवावा लागेल, 4200 अधिक जीएसटी, नाहीतर विम्याचा क्लेम टाका. आता क्लेमचा हिशोब बघा, 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला 1000 रुपये कंपल्सरी डिडक्टिबल आपल्याच खिशातून जातात आणि माझा नो क्लेम बोनस, म्हणजे प्रीमियमवरची सूट, 50 टक्क्यांवर आलाय, पाच वर्षं एकही क्लेम न टाकता कमावलेला, तो या तांदळाच्या दाण्यापायी कोण घालवणार? शिवाय पत्रा असता तर गंजाची घाई होती, प्लास्टिकला ती भानगड नाही. म्हटलं घरीच करू. घेतलेल्या वस्तूंपैकी काय चाललं आणि काय कचऱ्यात गेलं ते सांगतो.

सगळ्यात आधी ऑनलाइन तो ‘कुठल्याही रंगाच्या गाडीला चालणारा’ पारदर्शक स्क्रॅच पेन मागवला, 299 रुपये. कंपनीचं नाव घेत नाही कारण तोच माल दहा नावांनी विकतात. लावल्या लावल्या चकाकतो, आपण खूश होतो, दुसऱ्या धुण्याला ओरखडा परत हजर. मुळात आधी नख फिरवून बघायला पाहिजे होतं. नख अडकत नसेल तर ओरखडा रंगावरच्या पारदर्शक थरात, म्हणजे क्लिअर कोटमध्येच आहे, रबिंग कंपाउंडने (घासून चमकवायच्या पेस्टने) जातो. नख अडकलं की कुठलाही पेन, पॉलिश, टूथपेस्ट, काहीही कामाचं नाही, तिथे माल भरावाच लागतो. गाडीवरचा सगळा रंग मिळून साधारण प्रिंटरच्या कागदाएवढा जाड असतो, त्यात घासून घासून किती घासणार.

मग जुलैत कलर कोडवरून टच-अपची बाटली मागवली. झाकणाला ब्रश, सोबत क्लिअर कोटचा छोटा स्प्रे. सिल्की सिल्व्हरचा कोड झेड-टू-एस. तुमच्या गाडीचा कोड बॉनेटखाली किंवा दरवाज्याच्या खांबावरच्या पट्टीवर सापडेल, मॉडेलप्रमाणे जागा बदलते. रंग बरोबर होता हे आधी सांगतो. पण मी शहाण्याने काय केलं तर बंपर शाम्पूने धुतला, पुसला आणि खड्ड्यात थेट रंग भरला, तीन कोट, आणि बाहेर धो धो पाऊस चालू असताना पार्किंगमध्येच वरून क्लिअर मारला. दहा मिनिटांत सगळा भाग दुधासारखा पांढरा. वॉचमन काका म्हणाले, “साहेब, चुना लावला का?” दमट हवेत असं होतं, थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं बाष्प त्या ओल्या थरावर बसतं. तेही चाललं असतं एक वेळ, पण पंधरा दिवसांनी वॉशिंग सेंटरवर प्रेशरचं पाणी बसल्यावर रंग अख्खा सोलून निघाला, उन्हाने करपलेली पाठ सोलते ना, तस्सा. पोरीने ती पापडी उचलून माझ्या हातात दिली.

सोलला का, ते नाना पेठेत कळलं. पुण्यातल्यांना सांगायला नको, गाडीचं काहीही हवं असेल तर पावलं तिकडेच वळतात. रंगाच्या दुकानात काउंटरवरच्या काकांना ती पापडीच दाखवली. त्यांनी हातात घेऊन उलटी केली आणि म्हणाले, “दादा, मागची बाजू बघा कशी गुळगुळीत आहे. धरलंच नाही याने. बंपर पीपीचा असतो, त्याला डायरेक्ट काही चिकटत नाही. पीपी प्रायमर मारला होता का?” प्रायमर म्हणजे रंग धरावा म्हणून आधी मारायचा थर, आणि अर्थात नव्हता मारला. घरी येऊन बंपरच्या आतल्या बाजूला मोबाईलचा टॉर्च मारला तर खरंच तिथे पीपी आणि ईपीडीएम असं उठवलेलं होतं. म्हणजे पॉलिप्रॉपिलीन आणि त्यात थोडं रबर. डब्याबाटल्यांचं तेच प्लास्टिक, ज्यावर चिकटवलेलं लेबल जरा नख लावलं की सुटतं. नवीन पीपी डब्यावर रंग लावून बघा, कळेल.

तर दुसरा प्रयत्न नोव्हेंबरात, हवा कोरडी झाल्यावर. यावेळी पीपी प्रायमरचा स्प्रे 420, प्लास्टिक बंपरची लांबी, म्हणजे खड्डा भरायची पुट्टी, 380 (ही मऊ असते, बंपर दाबला तर तीही थोडी वाकते, पत्र्याची साधी लांबी भरली तर पहिल्या धक्क्याला तडकेल), घासायचे वॉटर पेपर वेगवेगळ्या नंबरांचे (नंबर मोठा तितका पेपर बारीक), मास्किंग टेप, आणि दुकानातच कोडवरून मिक्स केलेला 100 मिली रंग स्प्रेच्या डब्यात भरून. शेजारचे एक काका म्हणत होते पाइपला लावतात तो दोन रंगांचा गोळा मळून भर, पाच मिनिटांत दगड होतो. तोच तर प्रॉब्लेम आहे ना काका, बंपर दगड नाहीये.

खरं काम भरण्यात नाही, भरायच्या आधी आहे. ती उभी राहिलेली सालं आधी घासू नका, कटरच्या नव्या पात्याने सपाट कापा. मी आधी 180 चा पेपर फिरवला तर प्लास्टिक कापलं जायच्याऐवजी त्याला कापसासारखी लव सुटली, जितकं घासावं तितकी जास्त. मग पात्याने तासलं, 320 ने हलक्या हाताने कडा उतरत्या केल्या, म्हणजे खड्ड्याची विहीर न राहता बशी व्हायला पाहिजे. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसून काढलं, कारण वॉशिंग सेंटरवाले डॅशबोर्डचं ते चकचकीत पॉलिश बंपरलाही फासतात आणि त्यातल्या सिलिकॉनवर रंग थेंब थेंब होऊन पळतो. प्रायमरचा एक पातळ हात, मग लांबी, जुन्या एटीएम कार्डाने ओढून. बसून थोडी खाली जाते म्हणून किंचित वर भरायची. वाळल्यावर 400, 600 पाण्यातून. डोळ्याला सपाट वाटेल पण डोळ्यावर विश्वास ठेवू नका, डोळे मिटून तळहात फिरवा, जिथे उंचवटा आहे तिथे हात बरोब्बर थांबतो. मी तीनदा सपाट झालं म्हणालो आणि तीनदा हात थांबला.

परत प्रायमर, मग रंग. इथे ब्रशच्या बाटलीला मी पाचपैकी दोनच देईन, आणि ते फक्त सिल्व्हरवाल्यांसाठी. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात, ब्रशने ते वेडेवाकडे पडतात आणि डब्यात अगदी तोच रंग असूनही डाग काळपट दिसतो. स्प्रेने कण जरा एकसारखे बसतात. साध्या पांढऱ्या रंगाची गाडी असेल तर ब्रश बिनधास्त चालेल. स्प्रे मारताना टेपच्या कडेपर्यंत रंग भरू नका, नाहीतर चौकोनी ठिगळ दिसतं, हात हलता ठेवायचा आणि कडेला विरळ होऊ द्यायचा. चार पातळ कोट, दोन कोटांमध्ये दहा मिनिटं. मग क्लिअर. डब्यातला साधा क्लिअर पेट्रोल सांडलं तर मऊ पडतो, पण मागच्या बंपरच्या कोपऱ्याला पेट्रोल कोण पाजणार. हार्डनरवाला टू-के क्लिअर जास्त टिकतो, मात्र त्यातल्या आयसोसायनेट या घातक रसायनाला कापडी मास्क पुरत नाही, त्यामुळे तो पार्किंगमध्ये मारायच्या भानगडीत पडलो नाही.

आठवडाभर थांबून 2000 च्या पेपरने पाण्यातून जेमतेम फिरवलं आणि रबिंग कंपाउंड. पाच फुटांवरून दिसत नाही. गुडघ्यावर बसून, सकाळच्या तिरप्या उन्हात बघितलं तर रुपयाच्या नाण्याएवढी छटा वेगळी आहे, खोटं कशाला बोलू. त्यानंतर पाच महिने झाले, सहा-सात वेळा प्रेशर वॉश झाला, एक कणही सुटलेला नाही.

वस्तूंना मार्क द्यायचे तर पीपी प्रायमरला पाचपैकी पाच, बंपरच्या लांबीला चार (ट्यूब एकदा उघडली की पुढच्या वेळेपर्यंत तोंडाशी दगड होते), दुकानातल्या मिक्स रंगाला चार, पारदर्शक पेनला शून्य, तोही जास्तच वाटतोय. खर्च नोव्हेंबरचा सोळाशेच्या आसपास, जुलैचा मूर्खपणा धरला तर तेवीसशे, आणि दोन रविवार. बंपर फाटला असेल, क्लिपा तुटल्या असतील किंवा ओरखडे दोन हातांपेक्षा लांब असतील तर यातलं काही करू नका, सरळ पेंटरकडे न्या. पर्ल रंगाच्या गाडीलाही मी घरी हात लावणार नाही.

रंगाच्या डब्यात अजून निम्मा माल आहे, तो सध्या सी विंगमधल्या एका शेजाऱ्यांकडे आहे. त्यांचीही गाडी सिल्व्हर आहे, आणि त्यांच्या पार्किंगलाही खांब आहे.